रीचर वाचायचाय? मग तिसावं पुस्तक तूर्त बाजूला ठेवा

नोव्हेंबर २०२५ मध्ये ली चाइल्डने सुरू केलेल्या जॅक रीचर या थरारकथांच्या मालिकेतली तिसावी कादंबरी आली. नाव 'एक्झिट स्ट्रॅटेजी'. बाल्टिमोरमधलं कॉफीचं दुकान, कोपऱ्यातली दाराकडे तोंड असलेली जागा, काळी कॉफी. बाहेर पडताना एक तरुण अंगावर घासून जातो. रीचर सवयीने खिसा चाचपतो. पैसे आहेत, पासपोर्ट आहे, काहीच गेलेलं नाही. पुढे एका दुकानात कोटाचे पैसे द्यायला तो खिशात हात घालतो, तेव्हा कळतं की गेलं काही नसलं तरी आलंय मात्र. हाताने लिहिलेली एक चिठ्ठी, मदतीसाठी कुणीतरी टाकलेली आर्त हाक.

मलपृष्ठावर एवढं वाचलं की माणूस पुस्तक घेऊन टाकतो. मग प्रश्न पडतो, आधीची एकोणतीस वाचलेली नाहीत, हे समजेल का? विक्रेता सांगेल, बिनधास्त घ्या, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. तो खोटं बोलत नाही. कथानक समजायला काही अडचण येणार नाही. तरीही माझं सांगणं असं की घेतलंत तर घ्या, पण आधी जुनी चार-पाच वाचा आणि मग याला हात घाला. नवी पुस्तकं रीचरची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाहीत. तुमची त्याच्याशी दोस्ती आहे असं धरूनच चालतात. आणि ती लिहिणारा हातही आता पूर्वीचा एकटा हात राहिलेला नाही. त्याबद्दल पुढे.

आधी माणूस ओळखून घ्या

रीचर अमेरिकी लष्कराच्या मिलिटरी पोलीस दलातला माजी मेजर. शीतयुद्ध संपलं, सैन्यकपात झाली, आणि १९९७ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो बाहेर पडला. उंची सहा फूट पाच इंच, वजन अडीचशे पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण ११३ किलो. घर नाही, गाडी नाही, फोन नाही, साधी पिशवीसुद्धा नाही. खिशात घडीचा टूथब्रश, एटीएम कार्ड, आणि सप्टेंबर २००१ नंतर ओळखपत्राशिवाय पान हलेनासं झालं म्हणून पासपोर्ट. कपडे मळले की धुवायचे नाहीत. स्वस्तातले नवे घ्यायचे आणि जुने तिथल्या तिथे कचऱ्यात टाकायचे. पँटला घडी हवी असेल तर रात्री गादीखाली ठेवायची. प्रवास बसने, नाहीतर रस्त्यावर अंगठा दाखवून. गाडी चालवण्यात स्वारी यथातथाच आहे, हे पडदा बघून आलेल्यांना नवं वाटेल.

तो असा का भटकतो, याचं उत्तर पुस्तकांतून तुकड्यातुकड्यांनी मिळतं. बाप अमेरिकन मरीन, आई फ्रेंच, जन्म बर्लिनचा, बालपण जगभरच्या लष्करी तळांवर. ज्या देशासाठी नोकरी केली तो देश त्याने धड पाहिलेलाच नाही. नोकरी सुटल्यावर तो पाहायला निघतो आणि पुढे कुठे थांबतच नाही. थोरला भाऊ जो, एवढंच काय ते गोत.

अर्नाळकरांचा झुंजार किंवा शिरवळकरांचा दारा बुलंद ज्यांनी वाचनालयातून आणून एका बैठकीत संपवलाय, त्यांना मालिकेतला नायक कसा वाचावा हे शिकवायला नको. नायक मरणार नाही हे ठाऊक असतं. कसा सुटतो ते बघायचं असतं.

पायरी पहिली: क्रमाचा धसका सोडा

तीस पुस्तकं ओळीने वाचायची असं ठरवलंत की सहाव्या-सातव्यापाशी दम लागतो, कारण साचा ओळखू येतो. आडबाजूचं गाव, तिथलं काहीतरी झाकलेलं, एखादी हुशार पोलीस अधिकारी किंवा वकीलबाई, गावावर पकड ठेवून बसलेला धनिक, आणि शेवटी हिशेब चुकता. रीचर पुस्तकागणिक फारसा बदलत नाही. तो गावात येतो, गाव बदलतं, तो निघून जातो. त्यामुळे नवव्यानंतर तिसरं आणि तिसऱ्यानंतर सातवं वाचलं तरी काही बिघडत नाही. दोन पुस्तकांच्या मधे काहीतरी वेगळं वाचा, साचा बोचत नाही.

वयाचा हिशेब मात्र करू नका. जन्म १९६० चा धरला तर 'एक्झिट स्ट्रॅटेजी'मध्ये तो पासष्टीचा असायला हवा, आणि दोन धटिंगणांना एकाच वेळी आडवं करणं त्या वयात जरा अवघडच. नंतरच्या पुस्तकांनी वयाचा विषय काढणं सोडून दिलंय. आपणही सोडावा.

पायरी दुसरी: सुरुवात 'वन शॉट'पासून

बहुतेक जण पहिल्या पुस्तकापासून सुरू करा म्हणतील. मी नववं सुचवतो, २००५ चं 'वन शॉट'.

इंडियानातलं एक शहर, संध्याकाळी ऑफिसं सुटायची वेळ. वाहनतळाच्या इमारतीतून कुणीतरी सहा गोळ्या झाडतं आणि पाच माणसं मरतात. पोलिसांना पुरावा इतका चोख मिळतो की काही तासांत आरोपी ताब्यात येतो. तो तोंड उघडत नाही. म्हणतो एवढंच, की जॅक रीचरला शोधून आणा. सरकारी वकील चक्रावतो, आरोपीची वकील चक्रावते. हा रीचर कोण? ना पत्ता, ना फोन नंबर, ना कुठल्या कार्यालयात नोंद. इकडे रीचरने बातमी टीव्हीवर पाहिलेली असते आणि तो आपणहून निघालेला असतो, पण आरोपीला वाचवायला नव्हे.

नवख्या वाचकासाठी याच्याइतकी सोयीची रचना साऱ्या मालिकेत दुसरी नाही. रीचर प्रत्यक्ष येण्याआधी त्याच्याबद्दलचं कुतूहल तयार झालेलं असतं, आणि गावातल्या माणसांना त्याच्याविषयी जेवढं ठाऊक तेवढंच आपल्याला. शिवाय हे पुस्तक तृतीयपुरुषी आहे, गुंता पक्का बांधलेला आहे, आणि एक छोटा पुरावा (पार्किंग मीटरमधलं नाणं) रीचर ज्या रीतीने फिरवून पाहतो त्यात त्याच्या विचारांची पद्धत कळते. तो शेरलॉकसारखा एका नजरेत सांगून मोकळा होत नाही. 'मी तिथे असतो तर काय केलं असतं' असं तो स्वतःला विचारतो आणि उत्तर जुळलं नाही की तिथे खणू लागतो.

यावर २०१२ मध्ये सिनेमा आला. तो पाहिला असेल तर गुन्हेगार कोण ते कळून चुकलंय, मग सुरुवात थेट पुढच्या पायरीने करा.

हातात एकच संध्याकाळ असेल आणि चव बघायची असेल तर 'नो मिडल नेम' हा २०१७ चा कथासंग्रह मिळवा आणि त्यातली 'हाय हीट' वाचा. जुलै १९७७, न्यूयॉर्कमध्ये वीज गेलेली ती कुप्रसिद्ध रात्र, आणि सतरा पुरे व्हायच्या आतला रीचर. 'सेकंड सन'मध्ये तो ओकिनावात तेरा वर्षांचा आहे. ती मला अधिक आवडते, पण मोठा रीचर आधी माहीत असेल तरच तिची खरी गंमत येते.

पायरी तिसरी: मग मागे, 'किलिंग फ्लोअर'

आता पहिलं पुस्तक. १९९७ चं. जॉर्जियातलं मारग्रेव्ह नावाचं काल्पनिक गाव, ब्लाइंड ब्लेक या जुन्या ब्लूज वादकाच्या नावाच्या ओढीने रीचर बसमधून मधेच उतरतो, डायनरमध्ये अंडी आणि कॉफी मागवतो, आणि घास संपायच्या आत पोलीस बंदुका रोखून आत शिरतात. खुनाचा आरोप. अटक झालेली असताना तो काय पाहतो, कुणाच्या हाती कुठली बंदूक, कोण दारापाशी थांबला, कोण आत आला, याचं वर्णन दोन पानं चालतं. पळण्याचा विचारही तो तसाच शांतपणे मनात तपासून बाजूला ठेवतो. हे पुस्तक प्रथमपुरुषी आहे, त्यामुळे आपण त्याच्या डोक्यातच बसलेले असतो.

लेखकाची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती या पुस्तकात मुरलेली आहे. ली चाइल्ड हे टोपणनाव. खरं नाव जेम्स डोव्हर ग्रँट, जन्म १९५४, कॉव्हेंट्री, इंग्लंड. म्हणजे हा अस्सल अमेरिकन नायक एका इंग्रजाने लिहिलाय. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनमध्ये त्याने १९७७ पासून प्रसारणाचं काम केलं, कामगार संघटनेतही होता, आणि १९९५ मध्ये चाळिशीत नोकरी गेली. कागद आणि पेन्सिली विकत आणून तो कादंबरी लिहायला बसला. तारीख १ सप्टेंबर. पुढे प्रत्येक कादंबरी तो त्याच तारखेला सुरू करत राहिला, आणि तीही आराखडा न करता. पुढच्या पानावर काय होणार हे त्यालाही लिहिता लिहिताच कळायचं. नोकरीतून काढलेला माणूस नोकरीतून बाहेर पडलेल्या माणसाबद्दल लिहितोय, हे ध्यानात ठेवून 'किलिंग फ्लोअर' वाचलं की त्यातला राग जास्त खरा लागतो. पदार्पणाच्या त्या पुस्तकाला अँथनी आणि बॅरी हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

टीव्हीच्या नोकरीने त्याला एक गोष्ट शिकवली. जाहिराती लागल्या तरी प्रेक्षक उठून जाता कामा नये, म्हणून जाहिरातीआधी एक प्रश्न टाकून ठेवायचा. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याने उत्कंठेवर लिहिलं तेव्हा हेच सांगितलं: केक कसा करायचा हे विचारू नका, घरच्यांना भूक कशी लागेल ते विचारा, आणि भूक लागते ती जेवण चार तास उशिरा वाढल्याने. त्याची प्रकरणं याच तत्त्वावर संपतात. म्हणून रात्री झोपण्याआधी 'एक प्रकरण' वाचायचा बेत करू नका. प्रकरणाच्या मधे थांबा, शेवटी नको. मधे थांबलं की झोप लागते.

सूचना एकच: या पुस्तकात एक खून फार क्रूर आहे, घरात शिरून केलेला. ज्यांना असलं सोसत नाही त्यांनी जपून. 'मेक मी'चा (२०१५) शेवट तर याहून अंगावर येणारा आहे. घरातल्या शाळकरी मुलाला रीचर द्यायचा असेल तर ते सोडून बाकी काहीही द्या.

भाषा आणि लढाया

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि इंग्रजी कादंबरीला बिचकणाऱ्या वाचकाला मी नेहमी रीचर सुचवतो. वाक्यं तुटक, शब्द रोजचे, संवाद भराभर. 'रीचर काही बोलला नाही' अशा अर्थाचं एक वाक्य पुस्तकापुस्तकात इतक्यांदा येतं की चाहत्यांनी त्याचं दैवत केलंय. 'मेक मी' लिहिलं जात असताना शेजारी बसून अँडी मार्टिन या अभ्यासकाने जे पुस्तक केलं त्याचं नावही तेच ठेवलं.

पण लढाईची पानं उलटून पुढे जाण्याचा मोह आवरा. चाइल्डचा नियम आहे, संथ गोष्टी झटपट सांगायच्या आणि झटपट गोष्टी संथपणे. दोन सेकंदांची मारामारी दोन पानं घेते: कोण कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे, कोण आधी हलेल, कोपर कुठे लागेल, डोकं कुठे आदळेल. हातघाईच्या आधीच रीचरने हिशेब मांडलेला असतो आणि वाचकाला तो दाखवलेला असतो. ही पानं गाळलीत तर मालिकेचा अर्धा मजा गेला.

थोडी अमेरिका समजून घ्या

इथे बहुतेक मराठी वाचक अडखळतात, शब्दांमुळे नव्हे तर कोण कुणाचा साहेब हे कळत नाही म्हणून. आपल्याकडे पोलीस राज्याचे. ठाण्यावरून अधीक्षकापर्यंत एकच उतरंड. अमेरिकेत तसं नाही. छोट्या शहराचं स्वतःचं पोलीस खातं असतं आणि त्याचा प्रमुख शहराने नेमलेला. शहराबाहेरच्या मुलखावर काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) शेरीफ, आणि तो बहुतेक राज्यांत चक्क निवडून येतो. अशा काउंट्या तीन हजारांवर आहेत. वर राज्याचे पोलीस वेगळे, केंद्राचं एफबीआय वेगळं, अंमली पदार्थांसाठी डीईए वेगळं. दहा-वीस हजार वस्तीच्या गावात एखादा कारखानदार पोलीसप्रमुखाला खिशात घालू शकतो ही रीचरकथांची बैठक या रचनेवर उभी आहे. सरकारी वकीलही निवडून येणारा असल्यामुळे 'वन शॉट'मधल्या वकिलाला हरण्याची भीती का वाटते, ते आपोआप उलगडतं.

'विदाउट फेल' (२००२) वाचताना आणखी एक. त्यात रीचरकडे सीक्रेट सर्व्हिसची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष-उपाध्यक्षांना सांभाळणाऱ्या सुरक्षा दलाची, एक अधिकारी येते आणि विचारते, उपाध्यक्षाचा खून करायचा झाला तर तू तो कसा करशील? सुरक्षेतली भोकं शोधायचा हा मार्ग. त्या काळी सीक्रेट सर्व्हिस अमेरिकेच्या अर्थखात्याखाली होती. गृहसुरक्षा खात्याकडे ती २००३ मध्ये गेली. भाऊ जो अर्थखात्यात होता, म्हणून ती बाई रीचरला ओळखते. हे ठाऊक नसेल तर तो दुवा उगाच जुळवल्यासारखा वाटतो.

मिलिटरी पोलीस म्हणजे आपल्याकडे छावणीच्या फाटकावर लाल टोपीत दिसतात तेच, पण रीचरचं काम वाहतूक अडवायचं नव्हतं. तो होता एकशेदहाव्या विशेष तपास पथकात, आणि हे पथक लेखकाच्या कल्पनेतलं. सैनिकांनी केलेले गुन्हे हुडकायचे, म्हणजे ज्यांना मारायचं शिक्षण दिलेलं आहे अशांना पकडायचं. त्याची तब्येत, त्याचा संशयी स्वभाव, बसताना भिंतीला पाठ लावण्याची खोड, सगळं तिथलं.

मैल, पौंड, फॅरनहाइट यांचं काय करायचं? मैलाला दीडपट करून किलोमीटर धरा, पौंड अर्धे करून किलो, भागतं. थंडीच्या पुस्तकात मात्र जरा नीट बघा: उणे वीस फॅरनहाइट म्हणजे उणे एकोणतीस सेल्सिअस.

पायरी चौथी: जिथे क्रम पाळावाच लागतो

क्रम सोडा म्हणालो, पण काही पुस्तकं एकमेकांना बांधलेली आहेत. ती तेवढी ओळीने घ्या.

पहिली जोडी 'ट्रिपवायर' (१९९९) आणि 'द व्हिजिटर' (२०००). पहिल्यात रीचर फ्लोरिडाच्या टोकाला, की वेस्टमध्ये, हाताने पोहण्याचे तलाव खणतोय आणि त्याला शोधत एक खासगी गुप्तहेर येतो. तिथे एका स्त्रीशी सुरू झालेलं नातं दुसऱ्यात पुढे चालतं, आणि एका जागी राहणं या माणसाला जमेल का हा प्रश्न मालिकेत इतक्या गांभीर्याने इथेच विचारला गेलाय.

मग पथकातली माणसं. फ्रान्सिस नीग्ली 'विदाउट फेल'मध्ये पहिल्यांदा येते. रीचरच्या बरोबरीची म्हणावी अशी हीच एक. तिला भेटल्यावरच 'बॅड लक अँड ट्रबल' (२००७) उघडा. तिथे ती रीचरला हाक मारते ती अशी: फोन नाही, पत्ता नाही, म्हणून त्याच्या बँक खात्यात १,०३० डॉलर भरते. एटीएमवर शिल्लक पाहताना आकडा त्याच्या डोळ्यांत भरतो. दहा-तीस हा मिलिटरी पोलिसांचा संकेत, सहकाऱ्याला तातडीची मदत हवी आहे असा. माझ्या मते साऱ्या मालिकेतली ही सर्वांत देखणी सुरुवात.

आणि मोठी साखळी चार पुस्तकांची: '६१ अवर्स' आणि 'वर्थ डाइंग फॉर' (दोन्ही २०१०), 'अ वाँटेड मॅन' (२०१२), 'नेव्हर गो बॅक' (२०१३). साउथ डकोटातल्या बर्फात वयस्कर प्रवाशांची बस घसरते, रीचर त्या गावात अडकतो, आणि पहिल्या पानापासून घड्याळ उलटं चालू होतं: एकसष्ट तास. गावातल्या फोनवरून तो आपल्या जुन्या पथकाच्या कार्यालयात फोन लावतो. पलीकडे त्याच्याच खुर्चीवर बसलेली मेजर सुसान टर्नर. तिचा नुसता आवाज ऐकून गडी तिला भेटायला व्हर्जिनियाकडे निघतो आणि पोचायला त्याला पुढची तीन पुस्तकं लागतात. मधल्या प्रवासात मोडलेलं नाक पुढच्या पुस्तकात मोडलेलंच असतं. '६१ अवर्स' संपतं तिथे चाइल्डने वाचकाला असं लटकवलंय की 'वर्थ डाइंग फॉर' हाताशी ठेवूनच शेवटची पन्नास पानं वाचा. 'वर्थ डाइंग फॉर' आणि 'अ वाँटेड मॅन' यांच्या मधे २०११ मध्ये 'द अफेअर' आलं, पण ते साखळीतलं नाही.

'द अफेअर' वेगळ्याच कारणासाठी उशिरा वाचा. ते भूतकाळात जातं, १९९७ मध्ये, रीचरने लष्कर का सोडलं ते सांगायला. ते संपतं आणि 'किलिंग फ्लोअर'ची वाट सुरू होते. कालक्रम लावणारे मग म्हणतात की सुरुवात यानेच करा. करू नका. कोण सोडून चाललाय हे माहीत नसताना त्याच्या निरोपाचं काय वाटणार? भूतकाळातली आणखी तीन आहेत: 'द एनिमी' (१९९०च्या पहिल्या दिवशी सुरू होणारं), 'नाइट स्कूल' (१९९६) आणि 'द सीक्रेट' (१९९२). 'द एनिमी'त बर्लिनची भिंत नुकतीच पडलीय, लष्कराला आपलं काय होणार याची धास्ती आहे, आणि पॅरिसमध्ये रीचरची आई आहे. आईची प्रकरणं वाचताना या लेखकाला मारामारीपलीकडचंही बरंच येतं हे पटतं. 'वन शॉट', 'किलिंग फ्लोअर' आणि मग 'द एनिमी', एवढी तीन झाली की तुम्ही नवखे उरला नाहीत.

पडद्यावरून आला असाल तर

टॉम क्रूझचे दोन सिनेमे आहेत, २०१२ आणि २०१६ चे. क्रूझ पुस्तकातल्या रीचरहून पुष्कळ बुटका, त्यावरून झालेला गदारोळ सर्वांना ठाऊक आहे. अॅलन रिचसन रीचर झालेली मालिका फेब्रुवारी २०२२ मध्ये प्राइमवर सुरू झाली. तिचा पहिला मोसम 'किलिंग फ्लोअर', दुसरा 'बॅड लक अँड ट्रबल', तिसरा 'पर्स्युएडर'. तीनही पाहिले असतील तर ती पुस्तकं तूर्त सोडा. रहस्य फुटलेलं आहे. अपवाद 'पर्स्युएडर'चा (२००३): त्याचं पहिलं प्रकरण पाहून झाल्यावरही वाचावं, सांगणारा वाचकाला किती सफाईने फसवतो ते बघायला. आणि पहिल्या मोसमात नीग्ली दिसली म्हणून ती 'किलिंग फ्लोअर'मध्ये शोधू नका, तिथे ती नाही.

घेताना

भारतात बहुधा ब्रिटिश आवृत्ती येते, अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येणारी वेगळी. त्यामुळे 'द व्हिजिटर' आणि 'रनिंग ब्लाइंड' ही दोन पुस्तकं समजून घेऊ नका. एकाच कादंबरीची ती इंग्लंड-अमेरिकेतली दोन नावं आहेत. नवं पुस्तक आधी मोठ्या आकारात, महाग येतं. खिशात मावणारी आवृत्ती पुढच्या वर्षी. जुनी रीचर मुंबईत फोर्टच्या पदपथावर आणि कुठल्याही जुन्या पुस्तकांच्या दुकानात ढिगाने मिळतात, कारण वाचून झाल्यावर लोक ती विकतात. सिग्नलवर मिळणारी स्वस्त प्रत बनावट असते, मधली पानं फिकट किंवा गायब; रहस्यकथेत शेवटची चार पानं गायब असणं म्हणजे काय ते सांगायला नको. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी काउंटीच्या वाचनालयाचं कार्ड काढून लिबी या वाचनालयाची ई-पुस्तकं देणाऱ्या अॅपवर रांग लावावी. नव्या पुस्तकाची रांग लांबलचक असते, जुनी लगेच मिळतात.

आता तिसावं

जानेवारी २०२० मध्ये ली चाइल्डने जाहीर केलं की आपण थांबणार आणि रीचर धाकट्या भावाकडे देणार. भाऊ अँड्र्यू ग्रँट, चौदा वर्षांनी लहान, स्वतः थरारकथा लिहिणारा. मालिकेसाठी तो अँड्र्यू चाइल्ड झाला. २०१९ चं 'ब्लू मून' हे लीने एकट्याने लिहिलेलं शेवटचं. 'द सेंटिनेल'पासूनच्या सहाही पुस्तकांवर दोघांची नावं आहेत.

फरक पडलाय का? पडलाय. नवा रीचर जास्त बोलतो. पूर्वी जिथे तो गप्प राहायचा तिथे आता टोमणा मारतो. खलनायकांच्या बाजूची प्रकरणं वाढलीत, कथानकात धागे जास्त आणि गावाचा वास कमी. वेग मात्र वाढलाय, आणि ज्यांना जुन्या पुस्तकांतली वर्णनं रेंगाळतात असं वाटायचं त्यांना नवी अधिक रुचतील. मी जुन्यांच्या बाजूचा आहे, तेव्हा माझा कल धरून वाचा. नव्या सहांपैकी 'द सीक्रेट' आधी घ्यावं, कारण १९९२ मधल्या पथकात नेऊन ठेवल्यामुळे ते जुन्या सुराच्या जवळ जातं आणि नीग्लीही भेटते. 'इन टू डीप'ची (२०२४) सुरुवात झकास आहे, रीचर शुद्धीवर येतो तो बेड्यांत, मनगट मोडलेलं आणि इथवर कसा आलो ते आठवत नाही. त्यानंतर 'एक्झिट स्ट्रॅटेजी'. तोवर कॉफीच्या दुकानात तो दाराकडे तोंड करून का बसला, हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. नवं पुस्तक दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला येतं. चार पुस्तकांची साखळी तेवढ्यात आरामात होते.